क्वाड बाईकचा गॅस दाबण्याआधी: तपासणी, सराव आणि चढ-उतार

नागाव-काशीदच्या किनाऱ्यावर किंवा लोणावळ्याच्या माळावर भाड्याची क्वाड बाईक घेतली की शिकवणी बहुधा अर्ध्या मिनिटात उरकते: "हा गॅस, हा ब्रेक, जावा." चार चाकं म्हटल्यावर पडायची भीती नाही, असं दोन्ही बाजू धरून चालतात. पण २०० ते ३५० किलोचं यंत्र कलंडून अंगावर आलं तर हाड मोडण्यावर निभावत नाही. छाती दाबली जाऊन श्वासच घेता येत नाही, आणि एकट्या माणसाला ते यंत्र उचलवतही नाही.

दुचाकीचा सराईत हात इथे उलट नडतो. दुचाकीवर तोल गेला की आपण आपसूक पाय टेकवतो. क्वाडवर टेकवलेला पाय मागच्या चाकाखाली जातो, घोटा किंवा पोटरी चेपते. म्हणून काहीही झालं तरी दोन्ही पाय फूटरेस्टवरच. दुसरं, गॅस मुठीने पिळायचा नसून उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो. घाबरून हँडल घट्ट आवळलं की अंगठाही दाबला जातो आणि थांबायच्या ऐवजी गाडी उसळते. तिसरं, दुचाकी आपण कलवून वळवतो. क्वाड आपोआप कलत नाही, तिथे फक्त आपलं शरीर कलतं.

वळण: इथेच बहुतेक जण आडवे होतात

साध्या क्वाडचा मागचा एक्सल (दोन चाकं जोडणारा दांडा) अखंड असतो, त्यात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा, कारसारखा डिफरन्शियल नसतो. दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, पण त्याला मोकळीक नसते. त्यामुळे कुठलं तरी एक चाक घसरावंच लागतं. मऊ मातीत ते मुकाट घसरतं. डांबरावर किंवा ओहोटीनंतरच्या घट्ट ओल्या वाळूवर पकड जास्त असते, चाक घसरायला तयार नसतं आणि हँडल वळवूनही गाडी सरळ रेटते. नवखा माणूस हँडल आणखी वळवतो, वर गॅस देतो, आणि मग आतल्या बाजूची चाकं अचानक उचलली जातात. डांबरी रस्त्यावर क्वाड नेऊ नका असं सांगतात त्यामागे कायदा आहेच, पण हे यांत्रिक कारणही आहे.

बरोबर पद्धत अशी: वळणाच्या आधी सरळ रेषेतच वेग कमी करा. सीटवर थोडं पुढे सरका, वरचं शरीर वळणाच्या आतल्या बाजूला कलवा, आणि अंगाचा भार मात्र बाहेरच्या फूटरेस्टवर टाका. डावीकडे वळताना उजवा पाय दाबायचा. सुरुवातीला हे विचित्र वाटतं. पण आतल्या मागच्या चाकावरचा भार कमी झाल्याने ते सहज घसरतं आणि गाडी वळते. नजर जिथे जायचंय तिथे ठेवा, पुढच्या चाकाकडे नाही.

या कलण्या-सरकण्यासाठीच सीट लांब असते, दुसऱ्याला बसवण्यासाठी नाही. दोघांसाठी बनवलेल्या एटीव्ही (क्वाडचंच दुसरं नाव) वेगळ्या असतात. त्यांचा सांगाडा लांब असतो, मागच्या माणसाला स्वतंत्र सीट आणि धरायला मुठी असतात. एकट्याच्या क्वाडवर मागे माणूस बसला की पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर गाडी पाठीवर पडायला वेळ लागत नाही. पोराला पुढ्यात घेऊन चालवणारे बाबा तर हमखास दिसतात. त्या पोराचा हात अंगठ्याच्या गॅसवर जाऊ शकतो, आणि गाडी उलटली तर ते पोर हँडल आणि बाबांच्या मध्ये सापडतं.

निघण्याआधी पाच मिनिटं

टायरमधली हवा फार कमी असते: खेळाच्या क्वाडला साधारण ३ ते ५ पीएसआय, वजनदार कामाच्या क्वाडला ५ ते ७. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. पेट्रोल पंपावरचा गेज इतक्या कमी दाबाला भरवशाचा नसतो. ० ते १० पीएसआयचा छोटा गेज वेगळा घ्यावा लागतो. कारच्या अंदाजाने ठासून हवा भरली तर गाडी दगडादगडावर चेंडूसारखी उसळते. उजव्या-डाव्या टायरमध्ये दोन पीएसआयचा फरक असला तरी गाडी एका बाजूला ओढते.

इंजिन बंद असताना गॅस पूर्ण दाबून सोडा. हँडल सरळ, मग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, तिन्ही ठिकाणी अंगठा सोडताच तो टक्कन मागे आला पाहिजे. कोकणात खाऱ्या हवेने केबल गंजते, वाळू आत शिरते आणि गॅस अडकतो. अडकत असेल तर ती गाडी परत करा, पैशासाठी हुज्जत नंतर घाला. चाक वर-खाली धरून हलवा, खडखड लागली तर बेअरिंग किंवा बॉलजॉइंट गेलेला आहे. चेन असेल तर मधोमध साधारण २५ ते ४० मिलिमीटर ढिलाई चालते.

ब्रेक कुठला कुठे आहे ते विचारून घ्या. बऱ्याच गाड्यांवर उजवा लिव्हर पुढचा आणि डावा मागचा, काहींवर एकच लिव्हर चारही चाकं धरतो, आणि गिअरच्या खेळाच्या क्वाडवर डावीकडे क्लच असतो. मनगटाला बांधायची किल स्विचची दोरी असेल तर ती बांधाच: तुम्ही पडलात की इंजिन बंद होतं. बहुतेक छोट्या क्वाडवर गॅसच्या डबीला वेगमर्यादेचा स्क्रू असतो. तो आत फिरवला की गॅस कमी उघडतो. पहिल्यांदा चालवणाऱ्यासाठी तो आत फिरवून द्यायला सांगा.

कपड्यांचं थोडक्यात: आयएसआय छापाचं, हनुवटीखाली पट्टा घट्ट बसणारं हेल्मेट, डोळ्यांना गॉगल, लांब बाह्या, जाड पँट, हातमोजे आणि घोट्याच्या वर जाणारे बूट. चप्पल घालून बसूच नका. ओढणी आणि सैल दुपट्टा चेनमध्ये जातो.

मोकळ्या मैदानात अर्धा तास

सपाट मातीच्या जागेवर पाण्याच्या पाच बाटल्या सात-आठ मीटर अंतराने एका रांगेत ठेवा. आधी पहिल्या गिअरमध्ये किंवा 'एल'मध्ये (ऑटोमॅटिक क्वाडचा खालचा गिअर) चालत्या माणसाच्या वेगाने सरळ जा आणि ठरवलेल्या खुणेवर थांबा. नेमकं खुणेवर थांबता येईपर्यंत पुढे जाऊ नका. मग बाटल्यांमधून नागमोडी, मग दोन बाटल्यांभोवती आठचा आकडा. त्यानंतर पंधरा-वीसच्या वेगावरून पुढचे-मागचे दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत थांबण्याचा सराव. आठचा आकडा दोन्ही दिशांना पाय न टेकवता दहादा झाला की मगच वाटेवर निघायचं.

अमेरिकेत हे सगळं एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटच्या सुमारे अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणात शिकवतात. १९८८ मध्ये सरकार आणि उत्पादकांमध्ये न्यायालयात तडजोड झाली, तीनचाकी एटीव्हींची नवी विक्री थांबली, आणि नव्या ग्राहकांना प्रशिक्षण देऊ करणं कंपन्यांवर बंधनकारक झालं. तिथे शिकवला जाणारा एक नियम आपल्याकडेही पाळण्याजोगा आहे: सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांची क्वाड द्यायची नाही. तिकडे घर-जमीन घेऊन क्वाड विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे प्रशिक्षण टाळू नये. इकडे भाड्याने घेणाऱ्यांना वरचा बाटल्यांचा सराव तरी करता येतो.

चढ आणि उतार

चढ सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, पुढे झुका, वेग एकसारखा ठेवा. मध्येच गॅस देऊ नका, पुढची चाकं उचलतात. चढ अर्ध्यात गाडीने दम सोडला तर वजन चढाच्या दिशेला ठेवून ब्रेक लावा, थांबल्यावर पार्किंग ब्रेक अडकवा, मगच बाजूने उतरा. गाडी मागे घरंगळू लागली असेल तर नुसता मागचा ब्रेक कधीही लावू नका: मागची चाकं थबकतात आणि गाडी उलटी तुमच्यावर येते. पुढचा ब्रेक हळूहळू दाबा, पूर्ण थांबल्यावर मागचाही. गॅस तर अजिबात देऊ नका.

उतरताना वजन मागे, वाट शक्यतो सरळ खाली. ऑटोमॅटिक क्वाडमध्ये वेग फार कमी झाला की क्लच सुटतो आणि इंजिनाचा आधार जातो, त्यामुळे उताराच्या तोंडाशीच 'एल'मध्ये टाका. न्यूट्रलमध्ये उतरणं म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकणं. आडव्या उतारावरून जाताना अंग चढाच्या बाजूला ठेवा. कलंडायला लागली आणि जागा असेल तर हँडल उताराकडे वळवा. जागा नसेल तर चढाच्या बाजूला उतरून लांब व्हा. गाडी धरून ठेवायचा प्रयत्न करू नका.

किनाऱ्याबद्दल एक वेगळी सूचना. गोव्यात किनाऱ्यावर वाहन घातलं तर पोलीस गुन्हा नोंदवतात. वेळास-आंजर्लेच्या बाजूला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं भरतीरेषेच्या वर अंडी घालतात. तिथे चाकं फिरली की वाळू दबते आणि बाहेर येणारी पिल्लं चाकोऱ्यांत अडकतात. त्या भागात क्वाड नेऊच नये.

गाडी उलटलीच तर आधी माणूस बघा. मानेत किंवा पाठीत दुखत असेल तर त्याला हलवू नका, श्वास मोकळा असेल तर हेल्मेटही काढू नका, १०८ ला फोन करून जवळच्या गावाचं आणि ठळक खुणेचं नाव सांगा. माणूस ठीक असेल तर गाडी सरळ करून लगेच सेल्फ मारू नका. उलटी असताना तेल एअर फिल्टरमध्ये, कधी सिलिंडरमध्येही जातं. दहा मिनिटं थांबा, पेट्रोल गळतंय का पाहा, गॅस पुन्हा तीन ठिकाणी दाबून टक्कन परत येतो का बघा, मगच सुरू करा.