पाणवठ्यावर बचावाचा दोर: कसा बनवावा, कुठे टांगावा, कसा फेकावा

बुडणाऱ्याला काढायला उडी घेतलेला पट्टीचा पोहणाराही अनेकदा बुडतो. गुदमरलेला माणूस हाताला लागेल ते खाली दाबून वर येऊ पाहतो. जवळ गेलेल्याच्या गळ्याला मिठी बसते. काठावर दोर असेल तर उडी मारायची वेळच येत नाही.

१. साहित्य: ८ ते १० मिलिमीटर जाडीचा, २० मीटर लांबीचा पॉलिप्रॉपिलीनचा दोर आणि घट्ट झाकणाचा ५ लिटरचा प्लास्टिकचा कॅन. नायलॉनचा दोर मजबूत खरा, पण तो पाण्याखाली जातो. सुती दोर पाणी पिऊन जड होतो. पॉलिप्रॉपिलीन तरंगते.

२. बांधणी: कॅनमध्ये पेलाभर पाणी ठेवा. अगदी रिकामा कॅन वाऱ्याने भरकटतो, जास्त भरलेला डोक्यात बसतो. दोराचे एक टोक कॅनच्या मुठीला बांधा, दुसऱ्याला जाड गाठ मारा.

३. जागा: पाण्याजवळ खांबावर, सहज हात पोचेल असा टांगा. चोरीच्या भीतीने कुलपात ठेवू नका. किल्ली सापडेपर्यंत माणूस हातचा जातो. दोर गेला तर दुसरा आणता येतो. उन्हाने दोर कमकुवत होतो, तुसे निघू लागली की बदला.

४. ओळख: बुडणारा सहसा ओरडत नाही. श्वास घ्यायलाच उसंत नसते, तिथे हाका कुठून मारणार? शरीर उभे, डोके मागे कललेले, तोंड पाण्याखाली-वर, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबणारे. लांबून पाहणाऱ्याला तो खेळतोय असेच वाटते.

५. फेक: एकाला मदतीसाठी फोन करायला सांगा. गाठीचे टोक पायाखाली दाबा. मनगटाला गुंडाळलात तर तुम्हीही ओढले जाल. हाक मारून त्याचे लक्ष वेधा. कॅन त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाका आणि दोर त्याच्या हातापर्यंत ओढून आणा. नेमका अंगावर टाकायला गेलात, तर बहुतेक वेळा कॅन अलीकडेच पडतो. त्याने पकडल्यावर खाली बसा किंवा आडवे व्हा, मग ओढा. वाहत्या पाण्यात प्रवाहाविरुद्ध ओढू नका. दोर घट्ट धरून ठेवा, प्रवाहच त्याला काठाला लावतो. नेम चुकला तर दोर नीट गुंडाळत बसू नका, भराभर ओढून पुन्हा फेका. हे सारे जमायला सराव हवा. मोठ्या मुलांनाही तो द्या, कारण मुलांच्या जवळ बहुधा मुलेच असतात.

६. बाहेर काढल्यावर: पोट दाबून किंवा उलटे धरून पाणी काढू नका, वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. श्वास नीट चालत नसेल, तर नाक चिमटीत धरून तोंडाने ५ श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी ३० दाब आणि २ श्वास, असे आलटून पालटून करा. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली पाहिजे, वेग मिनिटाला १०० ते १२०. तोंडातून फेस येत असेल तर तो पुसत बसू नका, श्वास देत राहा. शुद्धीवर येऊन चालू-बोलू लागला तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात पाणी गेले असेल तर दम लागणे काही तासांनी वाढू शकते.