जीभ आधी तोंडातच असू द्या: बल्बर पाल्सी ओळखताना या चुका टाळा

वॉर्डात नव्याने आलेली शिकाऊ डॉक्टर मुलं गिळायला-बोलायला त्रास होणाऱ्या रुग्णाजवळ गेली की पहिलं सांगतात, "जीभ बाहेर काढा." जीभ बाहेर येते, थरथरते, आणि केसपेपरवर 'फॅसिक्युलेशन' (स्नायूची आपोआप होणारी फडफड) लिहिलं जातं. पुढे प्रश्नचिन्ह टाकून 'एमएनडी', म्हणजे हालचाल चालवणाऱ्या मज्जापेशी झिजवणारा मोटर न्यूरॉन डिसीज. अरे, बाहेर काढलेली जीभ कुणाचीही थरथरते! आरशासमोर उभे राहून स्वतःची बघा.

मी तोंड उघडायला सांगतो, जीभ खालच्या दातांमागे सैल पडू देतो, टॉर्च तिरका धरतो आणि मिनिटभर गप्प बसून बघतो. खरी फॅसिक्युलेशन असली तर पातळ कापडाखाली किडे वळवळावेत तशी जीभ हलते, कडा सुरकुतून आत गेलेल्या असतात. बाहेर काढायला सांगायचं ते त्यानंतर, जीभ एका बाजूला वळते का ते पाहण्यासाठी. हे एक मिनिट द्यायला कुणी तयार नसतं याचा मला खरोखर राग येतो. त्या मिनिटाच्या भरवशावर आपण एखाद्या घराला सांगणार असतो की हा आजार बरा होणारा नाही.

'बल्बर पाल्सी' लिहून थांबणं ही तशीच मोठी चूक. मेडुलातून, म्हणजे मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकातून निघणाऱ्या ९, १० आणि १२ क्रमांकाच्या नसा किंवा त्यांचे स्नायू दुबळे झालेत, एवढंच त्यातून कळतं. का झाले, ते शोधायचं बाकीच असतं. मोटर न्यूरॉन डिसीज, मायस्थेनिया (वापरता वापरता स्नायू थकतात तो आजार), जीबीएस (गीयान-बारे, प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते तो आजार), मेडुलातला स्ट्रोक, सिरिंगोबल्बिया (मेडुलात पाण्याची पोकळी), कवटीच्या तळाची गाठ, घटसर्प, बॉट्युलिझम (खराब अन्नातलं विष), सर्पदंश, सगळ्यांत रुग्ण गेंगाणा बोलतो आणि पाणी पिताना त्याला ठसका लागतो. किती वेळात सुरू झालं हे विचारलं की निम्मी यादी गळते. मिनिटांत आलं तर स्ट्रोक, तासा-दिवसांत आलं तर जीबीएस किंवा विष, महिनोन्‌महिने वाढत गेलं तर एमएनडी किंवा गाठ.

सूडोबल्बर पाल्सीशी गल्लत तर रोजची. तिथे दोष मेंदूतून मेडुलाकडे उतरणाऱ्या वरच्या मज्जातंतूंत, दोन्ही बाजूंना असतो. जीभ आखडलेली, पण झिजलेली नसते. हनुवटीवर हातोडी मारली की जबडा खटकन मिटतो, हाच जॉ जर्क. कारण नसताना रडू किंवा हसू फुटतं. झिजलेली जीभ आणि जोरदार जॉ जर्क एकाच माणसात सापडले, तर मात्र एमएनडीचा संशय पक्का होत जातो.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. एका वर्षी चवथीनंतर (गणेशचतुर्थीनंतर) गोव्यातल्या फोंड्याकडचे एक गृहस्थ आले. साठीचे, घुमट वाजवत घरोघर होणाऱ्या गावच्या आरतीत पुढे गाणारे. पहिल्या दोन घरांत आवाज खणखणीत, चौथ्या घरी पोचेपर्यंत गेंगाणा. एका रात्री जेवताना सोलकढी नाकातून आली. तोवर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या आणि मेंदूचा एमआरआय नॉर्मल होता. मी त्यांना सकाळी साडेनऊला तपासलं. बोलणं स्वच्छ, टाळू नीट वर जाणारा, जिभेत काही नाही. 'पंधरा दिवसांनी या' म्हणून पाठवलं. मधल्या काळात अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला, दुसरीकडे त्यांना सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मिळालं, आणि दोन रात्रींत ते व्हेंटिलेटरवर गेले. त्यांची बायको मला म्हणाली, "दोतोर, सकाळी ते बरेच असतात. दिवेलागणीला बघायला हवं होतं तुम्ही."

मायस्थेनिया ग्रेव्हिस, आणि ते अँटिबायोटिक या आजारात स्नायू आणखी दुबळे करतं. निदान तिच्या त्या एका वाक्यात होतं आणि मी तिला काही विचारलंच नव्हतं. प्लाझ्मा बदलून, औषधं देऊन ते सावरले. पुढच्या चवथीला दोन घरं गायले आणि तिसऱ्या घरी पाटावर बसून राहिले.

तेव्हापासून अशा रुग्णाला मी दुपारनंतरची वेळ देतो. मोठ्याने १ ते १०० मोजायला लावतो, मिनिटभर छताकडे बघायला सांगतो, पापणी उतरली तर २ मिनिटं बर्फ ठेवून ती वर येते का बघतो. घरच्यांना रात्रीच्या बोलण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून आणायला सांगतो. एसिटाइलकोलीन रिसेप्टरची अँटीबॉडी निगेटिव्ह आली म्हणून मायस्थेनिया खोडू नका. सर्वांगाच्या मायस्थेनियातही सुमारे १५ टक्क्यांत ती सापडत नाही, आणि त्या १५ टक्क्यांतले काही मस्क नावाच्या दुसऱ्या अँटीबॉडीवाले असतात, ज्यांना त्रासच मुख्यतः गिळण्या-बोलण्याचा. नसेला वारंवार उत्तेजन देऊन प्रतिसाद १० टक्क्यांहून जास्त घसरतो का पाहा. निदान पक्कं झालं की थायमोमासाठी (छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ) छातीचा सीटी हवाच.

बाकीच्या चुका थोडक्यात.

गॅग रिफ्लेक्स (घशाला स्पर्श केला की येणारी उबळ) आला नाही म्हणून पाल्सी ठरवू नका, तो कित्येक धडधाकट माणसांतही येत नाही.

एका बाजूचा घसा बसला, गरगरतंय, उचकी थांबत नाही, आणि पहिल्या दिवसाचा एमआरआय नॉर्मल? मेडुलाचा स्ट्रोक तरीही असू शकतो.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला, पापण्या मिटायला लागल्या, थुंकी गिळवेना, तर सापाच्या खुणा शोधत बसू नका. मण्यारीचा दंश दिसत नाही, सुजत नाही. सरळ मोठ्या इस्पितळात हलवा.

'दारू घेतली असेल' म्हणून जड जिभेच्या माणसाला घरी पाठवणं मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्यावर आवाज चढतो.

पुरुष, वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारा त्रास, हनुवटीत फडफड, स्तन वाढलेले, तर केनेडी आजाराची (एमएनडीसारखा दिसणारा, पण सावकाश चालणारा आनुवंशिक आजार) जनुक तपासणी करा. ते एमएनडी म्हणून खपवू नका.

ऑक्सिजन ९८ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जीबीएस आणि मायस्थेनियात तो अगदी शेवटी पडतो. एका श्वासात आकडे मोजायला लावा. २० पर्यंत पोचत नसेल तर त्याच तासाला व्हायटल कपॅसिटी (पूर्ण श्वास घेऊन बाहेर सोडता येणारी हवा) मोजा, आणि ती किलोमागे २० मिलीच्या खाली असेल तर आयसीयूत हलवा.

आणि गिळणं तपासायला ग्लासभर पाणी हातात देऊ नका. ताठ बसवा, एक चमचा पाणी द्या, मग "आ" म्हणायला लावून आवाज ओला येतो का ऐका. खोकला आला नाही म्हणजे घोट पोटातच गेला असं नाही. घरच्यांना विचारा, पेजेचं नुसतं पाणी त्रास देतं की शीतही. पातळ आधी नाकातून येत असेल तर टाळू दुबळा आहे. तपासण्या होईपर्यंत दाट पेज, लहान घोट, हनुवटी छातीकडे. तरीही ठसका लागत असेल तर त्याच दिवशी नाकातून जेवणाची नळी घाला.