पॉवर स्पेक्ट्रम काढताय? या चुका टाळा

गावाकडच्या कॉलेजातली विदर्भाची पोरं आता पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा जुना डेटा उतरवून घेतात आणि रात्री लाइन असेल तेवढ्या वेळात विश्वाच्या सुरुवातीच्या हायड्रोजनच्या २१ सेंटीमीटर संकेताचा पॉवर स्पेक्ट्रम (कोणत्या आकारमानावर संकेताची किती ताकद, याचा आलेख) काढायला बसतात. हौस चांगली आहे. चुका मात्र त्याच त्या.

सगळ्यात महागाची चूक निंदणाची, म्हणजे संकेताच्या पुढ्यातली अग्रभूमी उपटण्याची. आकाशगंगेचं सिंक्रोट्रॉन (चुंबकीय क्षेत्रातल्या वेगवान इलेक्ट्रॉनांचं रेडिओ उत्सर्जन) आणि इतर स्रोत मिळून संकेताच्या सुमारे दहा हजार पट. मग घाईचा गडी सगळ्या चॅनलवर (फ्रिक्वेन्सीच्या बारीक पट्ट्यांवर) मोठ्या घाताची बहुपदी बसवून सगळं वजा करून टाकतो. आलेख खाली येतो, गडी खूश. तणासोबत पऱ्हाटीही उपटली गेली, हे आलेखात दिसत नाही बाप्पा! जीएमआरटीच्याच १५० मेगाहर्ट्झजवळच्या निरीक्षणांतून २०११ मध्ये संकेत याहून मोठा नाही अशी ७० मिलिकेल्विनच्या वर्गाची कमाल मर्यादा निघाली होती. वजाबाकीत किती संकेत जातो हे मोजून विश्लेषण नव्याने केलं, तेव्हा २०१३ मध्ये ती २४८ मिलिकेल्विनच्या वर्गावर गेली, म्हणजे साडेबारा पट. म्हणून कॅलिब्रेशनच्या (उपकरणाचे दोष काढण्याच्या) आधीच डेटात माहितीचा खोटा संकेत पेरा, सगळ्या पायऱ्यांतून न्या आणि शेवटी किती उगवला ते मोजा. कमी-जास्त ताकदीचे दोन-तीन संकेत पेरलेले बरे. याला वेळ लागतो. वेळ नसेल तर मर्यादा जाहीर करू नका.

दुसरी खोड फटींची. आरएफआयमुळे (मोबाइल, टीव्हीसारख्या माणसाच्या रेडिओ गोंगाटामुळे) काढलेल्या चॅनलमध्ये शून्य भरून सरळ एफएफटी (झटपट फूरिये रूपांतर) मारली, की तेजस्वी अग्रभूमी कमी डिलेवरून (दोन अँटेनांपर्यंत लहर पोचण्यातल्या वेळेच्या फरकावरून) जास्त डिलेवर सांडते. ब्लॅकमन-हॅरिस विंडो (डेटाला कडेकडे हळूहळू शून्यावर आणणारं वजन) बँडची टोकं शांत करते, मधली फट बुजवत नाही. १६ पैकी १० मेगाहर्ट्झच अखंड मिळत असतील, तर तेवढेच घ्या. नाहीतर उरलेल्या चॅनलवर लीस्ट स्क्वेअर्सने स्पेक्ट्रम बसवा.

वेजची (अग्रभूमीने बाटलेल्या डिलेच्या भागाची) हद्द बीमच्या, म्हणजे डिशच्या नजरेच्या, कडेवर आखू नका. ४५ मीटरच्या डिशचा मुख्य बीम १५० मेगाहर्ट्झजवळ तीनेक अंशांचाच, पण साइडलोबमधून (बाजूच्या कमजोर नजरेतून) क्षितिजापर्यंतचे स्रोत आत येतात. १०० मीटर बेसलाइनला (दोन अँटेनांमधल्या अंतराला) क्षितिज ३३३ नॅनोसेकंदांवर. १६ मेगाहर्ट्झला डिलेचा एक बिन (कप्पा) ६२.५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे सहावा बिन धरा आणि विंडोसाठी वर आणखी दोन सोडा. १ किलोमीटरला हेच क्षितिज ३.३ मायक्रोसेकंदांवर जातं. चॅनल १२५ किलोहर्ट्झचे असतील तर तुमची धाव ४ मायक्रोसेकंदांपर्यंतच, मग हाती काय उरणार?

व्हिजिबिलिटीचा (अँटेनांच्या जोडीने मोजलेल्या संकेताचा) स्वतःशीच गुणाकार करू नका, नॉइजचा वर्ग मिसळतो. सम आणि विषम वेळांचे नमुने एकमेकांशी गुणा.

नॉर्मलायझेशनला बीमचा नव्हे, बीमच्या वर्गाचा घनकोन (आकाशातला व्याप) लागतो.