नियमित पोहूनही फायदा जाणवत नाही? या चुका टाळा

महिनोन्‌महिने पोहायला जाऊनही दमसास वाढत नाही, खांदे दुखतात आणि मन हलके होण्याऐवजी शिणूनच घरी परतावे लागते, अशी तक्रार अनेक जण करतात. माझ्या मते यातील बहुतेकांची खरी अडचण हातापायांच्या ताकदीत नसून श्वासात असते.

तोंड पाण्यात असताना श्वास रोखून धरणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. असे केल्यास तोंड बाहेर येताच त्या निमिषमात्र वेळात आधी श्वास सोडायचा आणि मग घ्यायचा, अशी दुहेरी घाई होते. शरीरातील कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही, घुसमट वाटू लागते आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच धाप लागते. घुसमटलेल्या शरीरात मान आणि खांदे आपोआप आखडतात, त्यामुळे पोहण्यातून मिळणारी मनाची शांतताही हाती लागत नाही. यावर उपाय सोपा आहे. छातीइतक्या पाण्यात काठ धरून उभे राहावे, चेहरा बुडवून नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडत राहावे आणि मान बाजूला वळवल्यावर फक्त श्वास घ्यावा. हे अंगवळणी पडले की श्वासाची आणि हातांची लय जुळते, लक्ष त्या लयीत गुंतून राहते आणि डोक्यात घोळणारे विचार काही काळ तरी मागे पडतात.

दुसरी चूक पुढे पाहत पोहण्याची. डोके वर उचलले की कंबर आणि पाय खाली जातात, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन असल्यामुळे तिरक्या शरीराला होणारा अडथळा बराच वाढतो. फ्रीस्टाइलमध्ये नजर तळाकडे ठेवावी. खांदा दुखत असेल, तर हात पाण्यात शिरताना डोक्याच्या मध्यरेषेपलीकडे जातो का, हे कोणाला तरी पाहायला सांगावे. दुखणे अंगावर काढून फेऱ्या वाढवू नयेत.

मानेपर्यंत पाण्यात उभे राहिल्यावर पायांवर शरीराच्या वजनाचा साधारण एक दशांश भारच येतो, म्हणून गुडघेदुखी असणाऱ्यांना पोहणे मानवते. मात्र याच कारणाने हाडांना मजबुतीसाठी लागणारा भार त्यातून फारसा मिळत नाही. पोहणे हा परिपूर्ण व्यायाम आहे असे समजून, चालणे किंवा वजने उचलणे पूर्ण सोडून देणे, ही त्यामुळे चूकच ठरते.

प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला किमान 150 मिनिटांच्या मध्यम व्यायामाची शिफारस केली आहे. ती वेळ एकाच रविवारी भरून काढू पाहणारे सोमवारी अंग धरून बसतात. त्यापेक्षा 30 मिनिटांची पाच सत्रे कितीतरी बरी.

एका चुकीबाबत मात्र तडजोड नको. पाण्याखाली जास्त वेळ राहता यावे म्हणून बुडी मारण्याआधी जोरजोरात, भराभर श्वास घेणे जिवावर बेतू शकते. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि श्वास घेण्याची निकड उशिरा जाणवते. तोवर ऑक्सिजन इतका कमी झालेला असतो की निष्णात पोहणाराही कोणतीही पूर्वसूचना न मिळता पाण्याखालीच बेशुद्ध पडतो. मुले अशी पैज लावताना दिसली तर त्यांना लगेच थांबवा.