लाइट गेली तर मरीन टँक कसा वाचवायचा

लाइट गेल्यावर खाऱ्या पाण्याच्या टँकमधले मासे फिल्टर बंद पडला म्हणून मरत नाहीत, ते गुदमरून मरतात. अमोनिया (माशांच्या मलमूत्रातून तयार होणारं विष) वाढायला बरेच तास लागतात. पाणी तापायलाही वेळ लागतो. प्राणवायू मात्र दाटीवाटीच्या लहान टँकमध्ये दीड-दोन तासांतच अपुरा पडायला लागतो. त्यामुळे तयारीचा पहिला रुपया पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवण्यावर घाला. चिलर (पाणी गार करणारं यंत्र), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), दिवे यांचा विचार त्यानंतर.

मुळात खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसात. पाणी ३० अंशांवर गेलं की हाच आकडा सव्वासहापर्यंत उतरतो. या साठ्यावर नुसते मासे जगत नाहीत. लाइव्ह रॉक (टँकमधले समुद्री खडक) आणि वाळूतले अमोनिया पचवणारे जिवाणू, कोळंब्या, गोगलगायी, खडकाआड कुजणारं उरलेलं खाणं, सगळे त्यातच वाटेकरी. अंधारात शेवाळही प्राणवायू सोडायचं थांबवून उलट घ्यायला लागतं. म्हणून रात्री दोनला गेलेली लाइट दुपारच्यापेक्षा वाईट: साठा आधीच उतरलेला असतो आणि घरातले झोपलेले असतात.

मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, कल्ले भराभर हलू लागले, ब्रिटल स्टार (तारामाशाचे भाऊबंद) आणि गोगलगायी काचेवरून वर चढू लागल्या की समजा, उशीर झालाय. टँग आणि रास हे सतत पोहणारे मासे आधी हबकतात. क्लाउनफिश आणि डॅमसेल जास्त तग धरतात, त्यामुळे फक्त त्यांच्याकडे बघून निर्धास्त राहू नका.

(इथलं सगळं मासे, खडक आणि कोळंब्या असलेल्या टँकसाठी आहे. कठीण प्रवाळ भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतात. ते घरी ठेवायच्या भानगडीत पडू नका.)

आधी पूर थांबवा

टँकखाली संप (फिल्टर आणि पंपाची खालची टाकी) असेल तर लाइट गेल्याबरोबर पहिला धोका फरशीला आणि वायरिंगला असतो. संपमधलं पाणी वर टँकमध्ये चढवणारा रिटर्न पंप थांबला की त्याच्याच पाइपातून पाणी उलटं खाली येतं, आणि पाइपाचं तोंड हवेत उघडं पडेपर्यंत येत राहतं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे साधारण साडेदहा लिटर. नोझल पाण्याखाली तीन इंच असेल तर बत्तीस लिटर खाली येणार. लहान संपमध्ये तेवढी जागा बहुधा नसते.

उपाय सोपा आहे. रिटर्न पाइपाला, पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली, ३ ते ४ मिलिमीटरचं भोक पाडा. पातळी थोडी उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. हे भोक मीठ आणि गुलाबी कोरलाइन शेवाळाने बुजतं, त्यामुळे दर आठवड्याला टूथपिकने मोकळं करायचं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर एकट्यावर भरवसा ठेवू नका. वाळूचा कण किंवा चिमुकली गोगलगाय झडपेत अडकली की तो रात्रभर थेंब थेंब गळतो.

मग पंपाची पिन काढा, दहा मिनिटं थांबा आणि पाणी कुठे स्थिरावतं ते पाहा. संपच्या काठापर्यंत किमान दोन इंच जागा उरली पाहिजे. उरत नसेल तर संपमधलं रोजचं पाणी कमी करा. पंप चालू असतानाची ही सुरक्षित पातळी मार्करने काचेवर आखून ठेवा आणि त्या रेघेच्या वर कधीच भरू नका.

विजेचा बोर्ड संपच्या वर, भिंतीला. प्रत्येक वायरला बोर्डाआधी खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलातून टपकेल, पिनेत शिरणार नाही. एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर त्याच्या नळीतही झडप हवी, नाहीतर पंप थांबल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात भरतं.

बॅटरीचा हिशोब

सगळ्यात कमी खर्चाचा आधार म्हणजे यूएसबीवर चालणारा एअर पंप आणि पॉवर बँक. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ७४ वॉट-तास असतात, घट जाऊन साठेक हाती लागतात. दोन वॉटचा पंप त्यावर २५ ते ३० तास चालतो. दोन गोष्टी आधी तपासा. काही पॉवर बँका फार कमी करंट ओढला गेला की मोबाइल भरला असं समजून आपोआप बंद होतात, त्यामुळे एक रात्र चालवून पाहायचंच. आणि हे छोटे पंप खोलवर हवा ढकलू शकत नाहीत. एअरस्टोन (नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा दगड) तळाशी सोडू नका, २० ते २५ सेंटिमीटरवर टांगा. लाइट गेली की आपोआप सुरू होणारे, आत बॅटरी असलेले पंपही मिळतात. घरी दिवसभर कोणी नसेल तर तेच घ्या.

त्याहून चांगला उपाय म्हणजे १२ व्होल्टचा डीसी वेव्हमेकर, म्हणजे टँकच्या आत प्रवाह फिरवणारा छोटा पंप. वायफाय राउटरसाठी घेतात तो मिनी यूपीएस यालाही चालतो, फक्त अडॅप्टरवरचा व्होल्टेज आणि अँपिअरचा आकडा जुळला पाहिजे. ५ ते ८ वॉटचा वेव्हमेकर त्यावर तीनेक तास चालतो. त्याचं तोंड वरच्या बाजूला वळवा. पृष्ठभाग नुसता थरथरून उपयोग नाही, उकळी फुटल्यासारखा ढवळला पाहिजे. तोच प्रवाह खडकांवरूनही फिरतो आणि जिवाणू जगवतो, जे एअरस्टोनला तेवढं जमत नाही.

घरात इन्व्हर्टर असेल तर अर्धं काम झालं, पण हिशोब कागदावर मांडा. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास. ती अर्ध्याखाली उतरवायची नाही असं धरलं तर ९००, इन्व्हर्टरमधली घट वजा जाता सातशेच्या वर थोडे. रिटर्न पंप २५ वॉट, वेव्हमेकर १०, आणि इन्व्हर्टर स्वतः खातो ते १५, मिळून ५० वॉट: चौदा तास निघतात. त्याच बॅटरीवर ७५-७५ वॉटचे दोन जुने पंखे फिरत असतील तर साडेतीन तासांत खेळ आटोपला. म्हणून लांबलचक लाइट जाणार असं दिसलं की आधी पंखे बंद करा. वायरमनकडून टँकमागे इन्व्हर्टरचा वेगळा ५ अँपिअरचा पॉइंट ओढून घ्या, आणि त्यावर हीटर-चिलर चुकूनही लागणार नाही हे बघा. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गुरगुरतात आणि तापतात, आणि त्यांची उष्णता पाण्यातच उतरते. बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर एप्रिलमध्ये आणि पावसाआधी पाहून घ्या.

सोसायटीच्या जनरेटरवर विसंबू नका, तो बहुतेक ठिकाणी लिफ्ट आणि पाण्याच्या पंपापुरताच असतो. स्वतःचा छोटा जनरेटर बंद गॅलरीत लावणं तर जिवावरचं, धुरातला कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो.

उन्हाळ्यातली लाइट

एप्रिल-मे महिन्यांत प्राणवायूची सोय झाल्यावरही पाणी तापत राहतं. २८ अंशांपर्यंत घाबरायचं कारण नाही, ३० च्या वर जाऊ देऊ नका. चिलर इन्व्हर्टरवर घेणं परवडत नाही, त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना कितीतरी जास्त करंट ओढतो.

बर्फाच्या बाटल्या तयार ठेवा. एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घ्या, लेबल आणि त्याखालचा गोंद पूर्ण खरवडून काढा, गोडं पाणी गळ्याच्या दोन बोटं खालपर्यंतच भरा (गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं आणि काठोकाठ भरलेली बाटली तडकते) आणि फ्रीझरमध्ये आडव्या न ठेवता उभ्या ठेवा. २०० लिटर पाणी एक अंशाने उतरवायला अशा दोन बाटल्या लागतात. त्या संपमध्ये सोडा, पण रिटर्न पंप बंद असेल तर संपमधला गारवा वर पोचत नाही. मग टँकमध्येच, वेव्हमेकरच्या प्रवाहात तरंगवा. तासाला एक अंशापेक्षा जास्त उतरवू नका. सुटा बर्फ टाकायचा नाही, खारटपणा घसरतो.

त्याच्या जोडीला १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा पृष्ठभागावर तिरका लावा. दोन-तीन वॉट खातो, पण एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना वरच्या बाटल्यांपैकी पाच बाटल्यांएवढी उष्णता घेऊन जातं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हा पंखा कमाल करतो, मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत निम्माही गुण येत नाही, तिथे बाटल्या जास्त ठेवा. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या गोड्या पाण्याने घाला. झाकण काढलंत तर वर जाळी अंथरा, रास आणि गोबी उड्या मारतात.

हिवाळ्यात विदर्भात किंवा निफाडकडे उलटी अडचण: टँकभोवती तिन्ही बाजूंनी थर्मोकोल आणि वरून घोंगडी, पृष्ठभागाला हवेची फट ठेवून. तेवढं पुरतं.

हाताशी काहीच नसेल तेव्हा

दोन लिटरचं स्वच्छ भांडं घ्या, साबण लागलेलं नको. टँकमधलंच पाणी भरून हातभर उंचीवरून परत ओता, अशी वीस भांडी दर वीस मिनिटांनी. ओतताना धार पसरू द्या, एका जागी जोरात पडली तर वाळू उसवते. मदतीला कोणी असेल तर आळीपाळीने. खाणं बंद. निरोगी मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात, आणि टाकलेला प्रत्येक दाणा प्राणवायू खातो. टॉर्च मारून सारखं डोकावू नका, दचकलेला मासा जास्त श्वास घेतो.

बाहेर लावलेला कॅनिस्टर फिल्टर असेल तर तासाभरानंतर तो संपला असं धरा. बंद डब्यातले जिवाणू उरलेला प्राणवायू संपवतात, कुजणं सुरू होतं आणि सडक्या अंड्याचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याची पिन लगेच काढून ठेवा. नाहीतर लाइट आल्यावर तुम्ही झोपेत असताना तो सगळा माल टँकमध्ये ओतेल. पाणी शुद्ध करणाऱ्या कार्बन किंवा फॉस्फेटच्या बंद रिअ‍ॅक्टरचंही तेच.

कोकणात राहत असाल तर तासांचा हिशोब पुरत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. पावसाळ्याआधी ४०-५० लिटर खारं पाणी १.०२५ घनतेला कालवून झाकून ठेवा. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ दहा-दहा टक्के पाणी बदला, टाकण्याआधी ते भांड्याने चांगलं घुसळा. फिल्टरचा मोजा (कचरा अडवणारी कापडी पिशवी) काढून टाका, मेलेली गोगलगाय दिसली की तत्क्षणी बाहेर. पॉवर बँका दोन ठेवा, एक चालू आणि एक गाडीत भरत.

लाइट आली

लगेच सगळं चालू करू नका. डीपीवरून आलेला पहिला दाब कधी कमी कधी जास्त असतो, पाच-दहा मिनिटं घरातला बल्ब स्थिर जळतोय ना ते बघा. मग या क्रमाने:

१. वेव्हमेकर.
२. रिटर्न पंप. संपमधली पातळी रोजच्या रेघेवर येऊ द्या.
३. स्किमर, पातळी उतरल्यानंतरच. आधी लावलात तर फेस कपातून ओसंडून फरशीवर येतो. घरी नसताना हेच घडू नये म्हणून स्किमरला दहा मिनिटं उशिरा सुरू करणारा टायमर लावा.
४. चिलर, आणखी पाच मिनिटांनी, स्टॅबिलायझरवरून.
५. कॅनिस्टर: उघडा, आतलं पाणी मोरीत ओता, माध्यम (आतले स्पंज, कड्या) टँकच्या पाण्यात खळबळा, मगच.

दिवे त्या दिवशी अर्धा वेळच लावा. अमोनिया त्याच वेळी, मग बारा आणि चोवीस तासांनी मोजा. पहिला आकडा शून्याच्या जवळ आला तरी पुढचे दोन टाळू नका. बंद काळात कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि त्यात अमोनियाचा विषारी भाग कमी असतो. पाणी पुन्हा ढवळू लागलं की पीएच वर येतो आणि तोच अमोनिया जास्त जहाल होतो. आकडा दिसलाच तर वीस-पंचवीस टक्के पाणी बदला. खाणं दुसऱ्या दिवशी, नेहमीच्या चौथा हिस्सा.

हे सगळं एका रविवारी लाइट असताना करून पाहा. मेन स्विच पाडा, तासभर पाडलेलाच ठेवा, संपची रेघ, पॉवर बँक, इन्व्हर्टरचा पॉइंट, सगळ्याची रंगीत तालीम घ्या. परत चालू करताना प्रत्येक पंपाला कान लावा. एखादा नुसता गुणगुणतो आणि फिरत नाही, कारण चुन्याच्या थराने त्याचा चुंबक धरलेला असतो. चालू असताना हे कळत नाही, थांबून पुन्हा सुरू करतानाच उघडं पडतं. तो काढून अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, टूथब्रशने घासा, गोड्या पाण्यात धुवून लावा, आणि त्याचा एक जादा इम्पेलर (पंपाच्या आतला फिरणारा चुंबकी पंखा) संपच्या कपाटात टाकून ठेवा.