अंगठ्याच्या मुळाशी कळ येते? भाकरी सोडू नका, धरायची पद्धत बदला

सेलूला आमच्या घरी रोज पंधरा-सोळा ज्वारीच्या भाकरी लागतात. तीस वर्षं मीच थापल्या. मग अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ यायला लागली की सांडशीत तवा धरवेना. बोटांच्या शेवटच्या पेरांवर गाठीही आल्या. एका दवाखान्यात "वय झालं" म्हणून परत पाठवलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. दुसऱ्या डॉक्टरांनी नीट सांगितलं: ही सांध्यांची झीज आहे, ती भरून येत नाही, पण दुखणं कमी करता येतं आणि कामही चालू ठेवता येतं.

बायांनो, हात बांधून बसलात तर तो आणखी आखडतो. सकाळी कोमट पाण्यात पाचेक मिनिटं हात बुडवा. मग हळू मूठ वळा, पूर्ण उघडा. प्रत्येक बोटाचं टोक अंगठ्याला लावून गोल करा, बांगडीसारखा. चपटा झाला तर पुन्हा करा. दहा-दहा वेळा पुरे. व्यायामानंतर दोन तासांनीही ठणका राहिला, तर दुसऱ्या दिवशी निम्मंच करा.

आता स्वयंपाक. ज्वारीच्या पिठाला उकळतं पाणी घातलं की ते मऊ होतं, जोर कमी लागतो. काठवट खाली घेऊन बसा आणि अंगठ्याने न दाबता तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने, खांद्याचं वजन टाकून मळा. चार भाकरी झाल्या की उठा, हात मोकळे करा, पुढच्या भाकरी सुनेला थापू द्या. माझी सून आधी म्हणायची, "आत्या, तुम्ही राहू द्या." आता आम्ही वाटून घेतो. सांडशी मी सोडली. दोन फडकी घेऊन दोन्ही हातांनी तवा उचलते. विळी आणि उलथण्याच्या मुठीवर जुनी सायकलची ट्यूब गुंडाळली. जाड मूठ धरायला बोटं कमी आवळावी लागतात. पिशवी बोटांत नको, कोपराच्या आतल्या बाजूला अडकवा. चादर पिळू नका, आपल्या उन्हात निथळत टाकली तरी वाळते.

कापूस वेचणीत मात्र चिमटीनेच काम असतं. तिथे तासाभराने पाणी प्यायच्या निमित्ताने बोटं पसरवा, आणि दोन्ही हात आलटूनपालटून वापरा.

अंगठ्याचा पट्टा मिळतो. आठवड्यात गुण आला नाही म्हणून फेकू नका, तीन महिने तरी वापरा. दुखण्यावर आधी डायक्लोफेनॅकचं मलम लावा. गोळ्या मेडिकलमधून आपल्याच मनाने घेऊ नका, पोट, किडनी, बीपी सगळं बिघडवतात.

सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ हात आखडलेले राहत असतील, किंवा दोन्ही हातांची मनगटं आणि बोटांची मुळं सुजून गरम लागत असतील, तर तो वेगळा संधिवात असू शकतो. त्याला वेगळी औषधं लागतात आणि उशीर चालत नाही. तेव्हा लगेच डॉक्टर गाठा.