वाळवंटी कुरणातली खडेदार जमीन: नोंदी घेताना आणि वर्गीकरण करताना या चुका टाळा

जैसलमेर म्हटलं की डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात. पण जैसलमेर शहराच्या आसपास आणि पोकरणकडे जाताना वाळूपेक्षा जास्त दिसतं ते खडेदार, दगडगोट्यांचं माळरान. तिकडे त्याला मगरा म्हणतात. वर्षाला 200 मिलिमीटरही पाऊस नाही, तरी शेळ्या-मेंढ्या आणि उंट यावरच चरतात. राहुरी, अकोला, नागपूर इथे मृदाशास्त्र शिकून कुणी या भागात सर्वेक्षणाला गेलं, की काही चुका हमखास होतात. त्यांतल्या बऱ्याच चुका दख्खनच्या सवयीतून आलेल्या असतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

याला मुरमाड जमीन समजू नका

आपल्याकडे माण-आटपाडीच्या माळावर कुदळ मारली की मुरूम लागतो. तो कुजत आलेला बेसाल्ट असतो. टिकावाने फुटतो, भेगांतून मुळं आत शिरतात, थोडी ओलही धरतो. वर्गीकरणाच्या भाषेत (इथे अमेरिकी 'सॉइल टॅक्सॉनॉमी' ही पद्धत धरली आहे) हा बहुतेक वेळा पॅरालिथिक, म्हणजे मऊ, अर्धवट कुजलेल्या खडकाचा थर. जैसलमेरचे खडे वालुकाश्माचे, चुनखडकाचे, गारगोटीचे. बरेचसे टणक आणि ओल जवळजवळ न धरणारे. मुरमाचा अंदाज इथे लावला तर जमिनीची उपयुक्त खोली आणि पाणी धरायची ताकद दोन्ही फुगवून लिहिली जातात.

दुसरा फरक ओलीच्या राजवटीचा. आपल्या दुष्काळी तालुक्यांतल्या जमिनी बहुतांशी उस्टिक गटात येतात, म्हणजे ओल मर्यादित, पण पिकाच्या हंगामात असते. म्हणून माळावरची उथळ जमीन लिथिक उस्टॉर्थेंट (कमी खोलीवर कठीण खडक आणि ओळखण्याजोगे थर न बनलेली) ठरते. जैसलमेरला मातीच्या ठरावीक खोलीत सलग 90 दिवसही ओल टिकत नाही. ती राजवट ॲरिडिक, म्हणजे कोरडी, आणि तशाच दिसणाऱ्या उथळ जमिनीचं नाव होतं लिथिक टॉरिऑर्थेंट. खड्डा सारखा दिसला म्हणून नाव सारखं राहत नाही.

वरची दगडी फरशी बघून आतलं सांगू नका

मगऱ्यावर बऱ्याच ठिकाणी खडे एकमेकांना खेटून बसलेले असतात, कुणी फरसबंदी केल्यासारखे. वाऱ्याने आणि पाण्याने बारीक माती नेली व खडे मागे राहिले, हे एक कारण. दुसरं कारण उलट्या दिशेचं आहे. वाऱ्याबरोबर आलेली धूळ खड्यांच्या फटींतून खाली झिरपून साठते आणि खडे हळूहळू वरच तरंगत राहतात. अशा ठिकाणी फरशीखाली पाच-सात सेंटिमीटर जवळजवळ बिनखड्याची, बारीक बुडबुड्यांसारख्या छिद्रांची माती सापडू शकते. ही छिद्रं एकमेकांना जोडलेली नसल्याने पाणी आत जायला कुचराई करतं. वर दगड भरपूर म्हणून पाणी चटकन मुरेल, हा अंदाज इथे साफ चुकतो.

वर्गीकरणात तर पृष्ठभागावरचे खडे कुळाच्या (वर्गीकरणातली एक खालची पातळी, 'फॅमिली') कणआकार वर्गासाठी मोजतच नाहीत. मोजायचा तो नियंत्रण छेद: साधारणपणे 25 ते 100 सेंमी, किंवा मुळं अडवणारा थर आधीच लागला तर तिथपर्यंत. असा थर 36 सेंमीच्या आतच लागला, तर वरपासून त्या थरापर्यंतचा सगळा भाग धरायचा. चिकणमाती साठलेला आर्जिलिक थर असेल तर नियम वेगळा. तिथे त्या थराचे वरचे 50 सेंमी पाहायचे. पृष्ठभागावर किती टक्के दगड झाकलेले आहेत हे जरूर लिहा. धूप, बाष्पीभवन, गवताचं बी अडकणं यांसाठी तो आकडा मोलाचा आहे. फक्त तो वेगळ्या रकान्यात असू द्या.

ऑगर अडला म्हणजे खडक लागला असं नाही

वीस सेंटिमीटरवर ऑगर (जमिनीत फिरवून माती काढायचं गिरमिट) खटकन अडतो आणि वहीत नोंद पडते: 'खोली 20 सेंमी, खाली खडक'. ऑगरला मुठीएवढा एक गोटाही अडवू शकतो. या जमिनीत पहार आणि टिकाव घेऊन खड्डा खणण्याला पर्याय नाही. खणल्यावर तीनपैकी एक गोष्ट समोर येते.

नुसता खड्यांचा दाट थर असेल तर खड्यांच्या मधून मुळं खाली गेलेली दिसतात. ती खोल जमीन आहे. खरा खडक असेल तर फावड्याने खणता येत नाही आणि भेगा दूर दूर असतात. तो 50 सेंमीच्या आत असेल तरच 'लिथिक' हा शब्द लावायचा. तिसरी शक्यता चुन्याने सांधलेल्या थराची, म्हणजे पेट्रोकॅल्सिक. त्याचा वाळलेला तुकडा पाण्यात टाकला तर विरघळत नाही, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवला की ढासळतो. हा थर 100 सेंमीच्या आत असेल, तर जमीन पेट्रोकॅल्सिड गटात जाते. मात्र जैसलमेरचा चुनखडकही आम्लात फसफसतो, त्यामुळे एकट्या आम्लावर विसंबू नका. तुकडा फोडून आत बघा. वेगवेगळ्या दगडांचे खडे पांढऱ्या चुन्यात रुतलेले दिसले तर तो जमिनीत तयार झालेला थर आहे.

असा आतला थर नोंदीतून सुटला तर किती महाग पडतं, हे इंदिरा गांधी कालव्याच्या लाभक्षेत्रात दिसलं आहे. काही भागांत कमी खोलीवर पाणी न झिरपू देणारे थर होते. वर सिंचन सुरू झालं आणि वाळवंटात पाणथळ जमिनी तयार झाल्या.

चाळणीवर राहिलेले खडे फेकू नका

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू. प्रयोगशाळेत नमुना 2 मिमीच्या चाळणीतून गाळतात, खालची माती तपासतात आणि वरचे खडे बादलीत टाकतात. अहवालात सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पाणीधारणा सगळं छापून येतं, पण ते फक्त बारीक मातीचं. कुरणातलं गवत बारीक मातीच्या पिशवीत उगवत नाही.

अर्धा किलोचा नमुना इथे पुरत नाही; खडे जितके मोठे, तितका नमुना मोठा. आणि घनता काढायची नळी खड्यांत शिरतच नाही. त्यापेक्षा छोटा खड्डा खणा, निघालेली सगळी माती जपून ठेवा, खड्ड्याला पातळ प्लास्टिक अंथरा आणि मापलेलं पाणी ओता. जेवढं पाणी मावलं तेवढं आकारमान.

एक उदाहरण घेऊ. समजा खड्डा 3000 मिलिलिटरचा आहे. वाळवलेला माल 5100 ग्रॅम भरला आणि त्यात खडे 2400 ग्रॅम निघाले. वजनाने खडे 47 टक्के. आता 2.65 घनता धरली तर खड्यांचं आकारमान साधारण 906 मिलिलिटर, म्हणजे फक्त 30 टक्के. वर्गीकरणाच्या मर्यादा आकारमानावर आहेत. वजनाचा आकडा तिथे घातला तर जमीन चुकून 'स्केलेटल' (खड्यांचं प्रमाण जास्त असलेलं कूळ) ठरते, कारण त्याची सीमा 35 टक्के आहे.

हेच गणित कर्बासाठी पुढे नेऊ. बारीक मातीची घनता आली 2700 भागिले 2094, म्हणजे सुमारे 1.29. कर्ब 0.2 टक्के असेल तर 30 सेंमीपर्यंत हेक्टरी सुमारे 5.4 टन भरतो. खडे विसरून सगळ्या मालाची 1.70 घनता वापरली तर उत्तर 10.2 टन. जवळजवळ दुप्पट! कुरणातल्या कर्बसाठ्याचे मोठमोठे दावे वाचताना खड्यांचं काय केलं, हे मी आधी शोधतो.

एक सावधगिरी. 2.65 हा आकडा गारगोटीला चालतो. सच्छिद्र चुनखडीला आणि ठिसूळ वालुकाश्माला तो जास्त होतो. मापनपात्रात पाणी घेऊन खडे बुडवा, पाणी किती चढलं ते पाहा. दहा मिनिटांचं काम आहे.

फसफसलं की 'कॅल्सिक' लिहू नका

जिथे मूळ खडकच चुन्याचा आहे, तिथे आम्ल कुठेही टाका, फेस येणारच. कॅल्सिक थर ठरवताना चुना नंतर येऊन साठला आहे का, ते पाहायचं असतं. किमान 15 सेंमी जाडी हवी. 15 टक्के चुना ही सर्वसाधारण अट. भरड थरांसाठी ती शिथिल आहे, तो नियम मूळ पुस्तकातून वाचा. खात्रीची खूण खड्याच्या पोटाखाली असते. पाणी खड्याच्या खालच्या अंगाला रेंगाळतं, वाळतं आणि तिथे पांढरं पुट चढतं. खडा उपटण्याआधी त्याची वरची बाजू पेन्सिलीने खुणवा. पुट वरच्या बाजूला सापडलं तर तो खडा बहुधा उलटलेला आहे: ओढ्याने आणलेला किंवा माणसांनी उकरलेला.

चुना साठण्याच्या चार पायऱ्या 1966 मध्ये गाइल, पीटरसन आणि ग्रॉसमन यांनी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतल्या जमिनींवरून मांडल्या. पहिल्या पायरीत खड्यांवर पातळ पुटं, चौथीत थर पूर्ण बुजून वर पापुद्र्यांचं झाकण. खडेदार जमिनीत मुळातच मोकळी जागा कमी असते, म्हणून ती लवकर बुजते. तेव्हा खडेदार खड्ड्यात तिसरी पायरी आणि शेजारच्या बिनखड्याच्या खड्ड्यात दुसरी दिसली, तरी पहिली जमीन जास्त जुनी असं लगेच म्हणू नये.

नावं देताना होणाऱ्या गफलती

पोताच्या नावात 15 टक्क्यांपासून 'खडेदार' विशेषण लागतं, 35 पासून 'फार खडेदार', 60 पासून 'अतिशय खडेदार'. स्केलेटल कूळ मात्र 35 पासूनच. 20 टक्के खड्यांची जमीन खडेदार आहे, स्केलेटल नाही.

वाळवंट म्हणून सरसकट टॉरिसॅमेंट (कोरडी वाळूची जमीन; सॅमेंट म्हणजे वाळूची) लिहिण्याचीही सवय दिसते. टेकड्यांना ते बरोबर आहे, पण सॅमेंटसाठी खडे 35 टक्क्यांपेक्षा कमी लागतात. त्याहून जास्त असतील आणि ओळखण्याजोगा थर नसेल तर बहुधा टॉरिऑर्थेंट. 100 सेंमीच्या आत कॅल्सिक थर असेल, तर ती एंटिसॉलमधून (थर फारसे न बनलेल्या जमिनींचा गट) बाहेर पडून ॲरिडिसॉलमध्ये (थर बनलेल्या कोरड्या जमिनींचा गट) जाते. अशी नेहमीची जमीन म्हणजे हॅप्लोकॅल्सिड. आंतरराष्ट्रीय डब्ल्यूआरबी (वर्ल्ड रेफरन्स बेस) पद्धतीत 'स्केलेटिक'ची सीमा 40 टक्के आहे, तेव्हा 37 टक्क्यांची जमीन एका पद्धतीत बसते आणि दुसरीत बसत नाही. भाषांतर करू नका, दोन्हीकडे नव्याने मोजा.

पडीक म्हणून शिक्का मारू नका

नकाशावर मगरा बहुधा 'पडीक' रंगात जातो आणि मग तिथे चर खणायची योजना येते. फरशी उकरली की खालची धूळ उघडी पडते, वाऱ्याला मोकळं रान मिळतं, आणि उकरलेली जागा वर्षानुवर्षं तशीच दिसते. शिवाय या माळाचं दुसरं काम नकाशावर दिसत नाही. जैसलमेरच्या पालीवाल ब्राह्मणांनी बसवलेल्या खडीन पद्धतीत खडकाळ, खडेदार चढावरून वाहून आलेलं पाणी खालच्या बांधामागे अडवतात आणि ते मुरल्यावर त्या ओलीवर गहू-हरभरा घेतात. पाणी न मुरवणं हाच तिथे चढाचा उपयोग. त्यामुळे आपल्याकडचे समतल चर मगऱ्यावर सुचवण्याआधी उतार कुठे जातो ते चालत जाऊन पाहा. खाली खडीन असेल तर वरच्या प्रत्येक चराचं पाणी त्या शेताच्या वाट्यातून कमी होतं, आणि त्या शेतमालकाला विचारल्याशिवाय आराखडा पुढे पाठवू नये.